कोंडाबाईचा दाब उतरेना

एका माणसाला एका दुपारी किती वेळा विचारावं, की तुम्ही रात्री लघवीला किती वेळा उठता? मला चार बायांनी विचारलं. एकीमागून एक. चौथीला मी वैतागून म्हटलं, "बाई, आता तुमच्या धास्तीनंच उठतो." तर तिनं तेही लिहून घेतलं.

परत आल्यापासून वाडीत जो तो विचारतो, वेरूळ बघितलंस काय, अजिंठा बघितलास काय, मकबरा कसा आहे? नाही बघितलं. मी नळ बघितला. पाणी नसलेला नळ. तो चार महिने बघत बसलो आणि मधल्या वेळात एका म्हातारीच्या रक्तदाबापायी जीव टांगून घेतला. हे प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढे बर्फाचा टेम्पो. शुद्धलेखन बायकोनं तपासलं आहे. मजकूर तिला तपासू दिलेला नाही.

माझी बायको सुगंधा आपल्या उपकेंद्रात नर्स आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. ती गेली होती नर्स प्रॅक्टिशनरचं वर्षाचं शिक्षण घ्यायला. आपल्याकडे नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई. ही त्याच्या पुढची पायरी. माणूस स्वतः तपासायचा, ठरलेली औषधं द्यायची, आणि हाताबाहेरचं असेल ते वेळेत डॉक्टरकडे धाडायचं. त्यातही हिचा विषय मोठी माणसं आणि म्हातारी माणसं. आता आपल्या वाडीत दुसरं उरलंय कोण? पोरं मुंबईत, आणि इथे दाबाच्या गोळीसाठी म्हातारे दोन एसट्या बदलून तालुक्याला जातात. सुगंधा पास झाली तर ते सगळं उपकेंद्रातच होणार होतं. नापास झाली तर पुन्हा रजा मिळणार नाही, हे तिच्या वरच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे एकच संधी. मी मुळात घाबरट माणूस. मला तेव्हापासून नीट झोप नव्हती.

उस्मानपुरा

शिमगा आटपला आणि तिचा फोन आला. "हॉस्टेल बंद केल्यानी. पाणी नाय. आम्ही खोली घेतलंव. तुमी या."

"मी येऊन काय करू?"

"पाणी धरूक माणूस होयो."

म्हणजे बघा. ज्याच्या घरच्या विहिरीत पावसाळ्यात वाकून तांब्या बुडवता येतो, त्या कोकणातल्या माणसाला पाणी धरायला कुठे बोलावलं, तर दुष्काळात, मराठवाड्यात. मी टेम्पो चुलतभावाकडे दिला आणि गेलो. प्रवासाचं काही सांगत नाही. बसलो, अवघडलो, उतरलो.

शहर मोठं आहे आणि आणखी मोठं व्हायच्या घाईत आहे. जिकडे बघावं तिकडे रस्ता उकरलेला. आज इथून जाल तर उद्या तिथून जाता येईलच असं नाही. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, कंडक्टर ओरडतो औरंगाबाद, आणि रिक्षावाल्याला दोन्हीचं सोयरसुतक नाही, तो फक्त "अकेलेइच हो क्या?" विचारतो. एका चौकात नव्या इमारतींची ही एवढी मोठी जाहिरात. तिच्यावर निळाशार पोहण्याचा तलाव काढलेला. त्याच जाहिरातीच्या सावलीत बाया रिकामे हंडे मांडून टँकरची वाट बघत बसलेल्या. मी रोज तिथून जाताना रोज चिडायचो. कुणावर चिडायचं ते मात्र ठरत नव्हतं.

खोली उस्मानपुऱ्यात होती. घरमालक रशीदभाई, आधी हिमरू शालींच्या मागावर काम केलेले, आता घरीच. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, नळाची वेळ काय?

"टाइम? नल का कोई टाइम नै जी. आया तो आया."

"पण किती दिवसांनी?"

"छोडनेवाला जाने. और उसकू भी कमइच मालूम."

"मग मी करायचं काय?"

"बैठो. काइकू परेशान होते? पानी कू तुमारी परेशानी दिखती क्या?"

मी बसलो. नळ कधी सकाळी फुसफुसायचा, कधी भर दुपारी. एकदा मी दाढी करायला गेलो तेवढ्यात येऊन गेला. सुगंधा कॉलेजातून आली, रिकामं पिंप बघितलं आणि त्यावर झाकण ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हा रशीदभाईंनी स्वतःच्या टाकीतून आमचं पिंप भरून दिलं. त्यांच्या घरात माणसं आठ. मी नको नको म्हणत होतो तर म्हणाले, "भाईसाब, दाढी अच्छी बनी. अब पानी भी लेव." टोमणाही मारला आणि पाणीही दिलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

खाण्याचे हाल. मासा म्हणून विचारलं तर धरणातला आणून दिला, त्याला चिखलाचा वास. रशीदभाईंच्या घरून एकदा नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, आला. चव अशी की बोटं चाटावी, आणि तिखट असं की कानातून वाफ. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तर रशीदभाई म्हणतात, "देखो, तुमारे पास तो पानी है!"

चौघींचा एक पेशंट

सुगंधाच्या वर्गातल्या आणखी तिघी त्याच गल्लीत राहायला आल्या होत्या. चौघींना तपासण्याचा सराव करायचा, आणि गल्लीत दिवसभर रिकामा असा पुरुष एकच. मी नळाजवळ स्टुलावर बसलेलो असायचो, हलताही येत नव्हतं. त्यामुळे ज्या कुणाची सुट्टी होईल ती येऊन माझ्या दंडाला दाब मोजायचा पट्टा गुंडाळायची. मग पायांना सूज आहे का, जीभ दाखवा, एका पायावर उभे राहा, शंभरातून सात सात वजा करा. सात सात वजा करता येत असते तर मी सातवीत शाळा कशाला सोडली असती?

"मी म्हातारा आहे काय?" मी विचारलं.

"नाही हो दाजी," त्यांच्यातली एक म्हणाली, "पण मोठी माणसं पण अभ्यासात येतात. आणि तुम्ही होणारच आहात की म्हातारे."

एका दुपारी त्यांच्या सय्यद मॅडम स्कूटरवरून आल्या. त्या या चौघींना शिकवायच्या. किरकोळ अंगाच्या, बोलणं मोजकं, पण चौघी त्यांना बघून अशा उभ्या राहिल्या की मीही उभा राहिलो. मॅडमनी चौघींनी मोजलेला माझा दाब विचारला. चार उत्तरं आली.

"दंड एक, आकडे चार," मॅडम म्हणाल्या. "चुकलं कोण?"

मी म्हटलं, "मी."

त्या हसल्या नाहीत. सुगंधाला म्हणाल्या, "तुझं सगळं पाठ आहे. पण तू फार भरभर विचारतेस. म्हातारं माणूस पहिल्या प्रश्नाचा विचार करतंय तोवर तू तिसऱ्यावर. घरी भेटीला गेलात की आधी नुसतं बसा. काही विचारू नका. त्यांचं काय चाललंय ते चालू द्या."

"मॅडम, खेड्यावर नेणारी जीप थांबत नाही," सुगंधा म्हणाली.

"मग जीप जाऊ दे."

जीप जाऊ दे म्हणे. ती जीप गेली की पुढची कधी येते हे मॅडमना काय माहीत? स्कूटरवर फिरणाऱ्याला जीपचं दुःख कळत नाही.

फुलंब्रीच्या पुढं

त्या शिक्षणात एक नियम होता. प्रत्येकीनं एक म्हातारं माणूस धरायचं, त्याच्या घरी जाऊन महिनोन्महिने तपासायचं, आणि शेवटच्या परीक्षेत त्या माणसालाच परीक्षकासमोर आणून सगळं मांडायचं. सुगंधाच्या वाट्याला आल्या कोंडाबाई. फुलंब्रीच्या पुढे एका वस्तीवर त्यांचं घर. मेंढरं पाळणारी माणसं. मुलगा भीका मेंढरं घेऊन गंगापूरकडे गेलेला, कारण इकडे गवताची काडी नव्हती. घरात कोंडाबाई आणि त्यांचे मालक, रंगनाथ आबा. आदल्या दिवशी नळ येऊन गेलेला असला की मी मोकळा, म्हणून मीही वजनकाटा उचलून सोबत जायचो. खरं सांगायचं तर मला तिला एकटीला सोडवत नव्हतं.

जीपमध्ये माणसं किती बसवायची याला तिथे मर्यादा नाही. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसतो. मला तर ते बघवेना, शेवटी मीही ड्रायव्हरच.

कोंडाबाई म्हणजे तळहाताएवढं कपाळ, त्यावर गोंदण, आणि आवाज मेंढरं हाकणारा. आम्ही गेलो की आधी पाणी. पाणी नको म्हणायची सोय नाही, अपमान होतो. आणि पिववतही नाही, कारण हंड्यात किती आहे ते समोर दिसतंय. मी ओठाला लावल्यासारखं करायचो. आबा बघायचे आणि म्हणायचे, "प्या की पाव्हणं. टँकर येतोय उद्या. न्हाय आला तर परवा."

मग सुगंधा पट्टा गुंडाळायची. दाब वर. पुढच्या खेपेला, वर. त्याच्या पुढच्या खेपेला, आणखी वर.

"कोंडाबाई, गोळी रोज घेता ना?"

"व्हय."

"चुकत नाही ना?"

"न्हाय बाई. चुकंल कशी? तुमी सांगितलंय नव्हं."

आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून दाखवायच्या. बरोबर, जेवढी संपायला हवीत तेवढी संपलेली.

"मीठ कमी केलं?"

"लई कमी. आबा म्हनतेत, ही भाकर हाय का माती."

"माती बरी," आबा म्हणाले. "तिला चव तरी आसती."

परतीच्या जीपमध्ये सुगंधा वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघत बसली. परीक्षा जवळ येत चाललेली आणि बाईचा दाब काही उतरेना. गोळी चालू, मीठ कमी, मग राहिलं काय? शेवटी तिनं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळी वाढवून दिली, आधीच्या दुप्पट ताकदीची. सुगंधानं कोंडाबाईंना ती नीट समजावून दिली. कोंडाबाई म्हणाल्या, "व्हय." त्या तिकडच्या "व्हय" चा मला पुढे फार राग आला. त्यात होही असतं, नाहीही असतं, आणि "तू बोलतेस तर बोल" हेही असतं.

दोन आठवड्यांनी गेलो तर आबांच्या कपाळाला पट्टी आणि डावं मनगट सुजलेलं. टँकर आला म्हणून ओरड झाली, आबा बाजेवरून हंडा घेऊन उठले आणि उभ्याउभ्या कोसळले. हंड्याचा काठ कपाळाला लागला.

"ऊन लई हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "डोळ्यापुढं अंधारी येती त्येंच्या. आधी यायची थोडी. आता लई येती."

सुगंधानं मनगट बघितलं, मोडलेलं नव्हतं. पट्टी बदलली. जीपचा हॉर्न वाजला. कोंडाबाईंचा दाब घाईघाईत घेतला. तसाच वर. निघताना कोंडाबाई मला म्हणाल्या, "जावाई, आमच्या भीकाला सांगावा द्याल का? त्येचा फोन लागत न्हाय."

पाव्हण्याचा जावई कधी झालो ते कळलं नाही, पण जावयाला नाही म्हणता येत नाही.

गंगापूर, एका सांगाव्यासाठी

पत्ता असा होता: "गंगापूरच्या पुढं, उसाची तोड झालेली रानं हायेत, तिथं मेंढरं दिसतील." आता मेंढरं सगळी सारखी. एसटीनं गेलो, मग जीप, मग पायी. पहिला कळप सापडला तो भलत्याचाच. त्या माणसानं चहा पाजला, दुष्काळावर बोलला, निवडणुकीवर बोलला आणि मग सांगितलं की भीका त्या तिकडे, कॅनॉलच्या पलीकडे. हे त्यानं चहाच्या आधी सांगितलं असतं तर माझं डोकं उन्हानं तडकलं नसतं. पण त्याच्याकडे माणूस आला होता, त्याला तो लगेच कसा सोडणार?

भीका भेटला. माझ्याच वयाचा. आबा पडल्याचं सांगितलं तर काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"आई जेवती का?"

"जेवतात की. पण पडले आबा."

"म्हूनच इच्यारलं. आबाला बरं नसलं का आई जेवत न्हाय. आन् आईला बरं नसलं का आबा. त्यांचं तसलंच हाय." मग म्हणाला, "मी येऊन काय करू, दाजी? मेंढरं कुनाच्या भरवशावर टाकू? ती तुमची बाई हाय ना, ती करंल काय ते. तिच्यावर भरवसा हाय आईचा."

तो भरवसा डोक्यावर घेऊन मी संध्याकाळी उस्मानपुऱ्यात पोचलो. नळ येऊन गेला होता. रशीदभाईंनी आमचं पिंप भरून ठेवलं होतं आणि वर झाकण ठेवून त्यावर वीट ठेवली होती. मला त्या विटेकडे बघून भरून आलं, आणि राग राग तर चालूच होता.

जीप गेली

पुढच्या खेपेला परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. आम्ही वस्तीवर पोचलो आणि आमच्या मागोमाग टँकर आला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हंडे, पिंपं, बादल्या, बाया, भांडणं. जीपवाल्यानं तिथूनच गाडी वळवली आणि ओरडला, "आता तिसऱ्या प्रहरी येतो." मी त्याच्यामागे धावलो. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीमागे धावताना काय वाटतं ते विचारू नका.

परत आलो तर सुगंधा घरात नुसती बसलेली. विचारायचं सगळं विचारून झालं होतं, तपासायचं तपासून झालं होतं. दाब वर. कोंडाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "जेवा आता," म्हणाल्या. "रोज घोड्यावर बसून येता आन् घोड्यावर जाता."

ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. सुगंधानं वरण चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. मीठ खरंच नव्हतं. आबांना आधी वाढलं, मग आम्हाला, मग त्या स्वतः बसल्या. जेवण होत आलं तशी कोंडाबाईंनी पदराची गाठ सोडली, एक गोळी काढली. फळीवरचा अडकित्ता घेतला. सुपारी फोडावी तशी गोळी मधोमध फोडली. एक अर्धुक आबांच्या तळहातावर ठेवलं आणि दुसरं स्वतःच्या तोंडात टाकलं.

सुगंधाचा घास हातातच राहिला.

"हे काय?"

"गोळी," कोंडाबाई म्हणाल्या. "रोज घेते म्हनलं नव्हं का? बघ आता डोळ्यानं."

"आबांना कशाला दिली?"

कोंडाबाईंना प्रश्नच कळला नाही. "मंग? म्या एकटीच खाऊ?"

"अहो, ती तुमची आहे! तुमच्या दाबाची!"

"माझी काय आन् त्येंची काय. लगीन झाल्यापून त्येंना टाकून एक घास खाल्ला न्हाय म्या. सरकारी गोळी हाय, चांगलीच आसंल. आन् एकटीच बरी व्हऊन करू काय?"

सुगंधा आबांकडे वळली. "आबा, तुम्ही तरी!"

आबांनी गोळी पाण्याशिवायच गिळली होती. तोंड वाकडं करून म्हणाले, "कडू हाय बया. पन तिचं मन कशाला मोडा."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इच्यारलं व्हय?" कोंडाबाई खरोखर चिडल्या. "तुमी म्हनल्या, चुकती का. म्या म्हनलं, न्हाय चुकत. चुकली का येक दिस तरी?"

सुगंधानं हात धुतला आणि पट्टा आबांच्या दंडाला गुंडाळला. बसून दाब घेतला. मग त्यांना उभं केलं आणि पुन्हा घेतला. उभं राहताच आकडा धाडकन खाली आला आणि आबांनी माझा खांदा धरला. त्यांना दाबाचा आजार नव्हताच कधी. त्यांना रोज अर्धी गोळी जात होती. आणि गोळी दुप्पट झाल्यावर त्यांचं अर्धंही दुप्पट झालं होतं. गोळी वाढवायला कुणी लावली होती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिनं आबांना आडवं केलं, हंड्यातलं पाणी पाजलं, थोडं थोडं, आणि मग बाहेर जाऊन आधी डॉक्टरांना, मग मॅडमना फोन केला. आबांची गोळी त्या क्षणापासून बंद. कोंडाबाईंची तीच वाढवलेली चालू, पण आता अख्खी.

हे समजावून सांगितल्यावर कोंडाबाई म्हणाल्या, "व्हय."

हा तोच व्हय होता. या वेळी सुगंधालाही तो ऐकू आला. ती पुढचा प्रश्न विचारणार, असं मला वाटलं. ती गप्प बसली. बराच वेळ. शेवटी कोंडाबाईच बोलल्या.

"मंग म्या गोळी खाताना त्येंच्या हातावर काय ठिवू?"

सुगंधानं आबांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. ठीक होती. "गुळाचा खडा ठेवा," ती म्हणाली. "सुपारीएवढा. तुमची गोळी, त्यांचा गूळ. एकाच वेळी."

"गूळ चालंल," आबा आडव्या आडव्या म्हणाले. "तिला कडू, मला ग्वाड. इतक्या वर्सांनी न्याव झाला."

परीक्षा

परतीच्या जीपमध्ये मी हळूच म्हटलं, "परीक्षेत ह्या सांगूची काय गरज हा? दाब आता उतरतलोच. कोणाक कळाचा नाय."

"आबा पडले ता माझ्यामुळे."

"उन्हामुळे म्हण."

"तुमी गप बसा बघू."

मी गप्प बसलो, पण मनातून मला तिचा भयंकर राग आला. एवढं वर्ष, एवढं पाणी, एवढी रजा, आणि ही बाई स्वतःहून पायावर धोंडा मारून घेणार. वाडीतल्या म्हाताऱ्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. त्यांना मी काय सांगणार होतो, की बाई खरं बोलली म्हणून तुम्ही दोन एसट्या बदला?

परीक्षेच्या दिवशी कोंडाबाई नवं लुगडं नेसून आल्या. आबाही आले. दारावरचा शिपाई म्हणाला, पेशंट एकच आत. आबा म्हणाले, "ती एकटी जायाची न्हाय." खरंच त्या जाईनात. मग आबा आत गेले, आणि आबांना उठताना आधार हवा म्हणून मी. परीक्षक बाहेरगावचे, जाड चष्म्याचे. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"आमचं जावाई," कोंडाबाई म्हणाल्या.

सुगंधानं सगळं सांगितलं. रिकामी पाकिटं बघून औषध पोटात जातंय असं धरलं, हे. त्यावरून गोळी वाढवायला लावली, हे. आबा पडल्याचं कळलं, ते समोर बसलेले होते, तरी त्यांचा दाब बघितला नाही, कारण ते तिचे पेशंट नव्हते आणि जीप वाजत होती, हे पण. मी खाली फरशीकडे बघत होतो.

"म्हणजे तुमच्या चुकीनं एक धडधाकट माणूस पडला," परीक्षक म्हणाले. "मग तुम्हाला पास का करायचं?"

कोंडाबाईच उसळल्या. "तिला काय म्हनता? गोळी म्या दिली! आन् तुमी तरी इच्यारलं असतं का, अर्धी कुनाला देती म्हून?"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "नसतं विचारलं," म्हणाले. मग उठले, आणि स्वतः कोंडाबाईंचा दाब घेतला. मग आबांचा, बसून आणि उभं करून. आबा ताठ उभे राहिले, शाळेत झेंडावंदनाला राहतात तसे. माझा हात त्यांनी झटकला. परीक्षकांनी आकडे कुणाला सांगितले नाहीत. फक्त विचारलं, "गोळीच्या वेळी आता काय करता?"

"मला गूळ," आबा म्हणाले.

निकाल दुपारनंतर लागला. सय्यद मॅडम व्हरांड्यात आल्या आणि सुगंधाला म्हणाल्या, "या केसचे मार्क कापलेत. मीच कापा म्हटलं. बाकी तू पास आहेस." मग एवढा वेळ आवरून धरलेलं हसू त्यांच्या तोंडावर आलं. "आणि जीप गेली त्याबद्दल जीपवाल्याला पेढे दे."

मी तिथेच पायरीवर बसलो. रशीदभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "मुबारक हो! जल्दी आव, नल आया है."

निरोप

खोली सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही वस्तीवर पेढे घेऊन गेलो. मेंढरं अजून आली नव्हती. कोंडाबाईंचा दाब बरा होता, खूपच बरा. सुगंधानं पेढा दिला आणि सांगितलं, "मी पास झाले."

"पास झाली मंजी काय झालं?"

"म्हणजे आता मी माझ्या गावी हे काम करणार. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तपासणार."

कोंडाबाईंनी पेढा मोडला, अर्धा आबांना दिला, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"मंजी पास झाली तर गेली."

चार महिने मी त्या मुलखाला नावं ठेवली होती, पाण्याला, जीपला, त्यांच्या त्या "व्हय" ला. आणि आता आमच्या वाडीची अडचण सुटणार होती ती यांच्या अंगावर शिकून, आणि यांच्याकडे मागे राहणार होता तो आमचा पेढ्याचा बॉक्स. याचा राग कुणावर काढायचा, तेही मला सापडलं नाही.

"जुलैत नवीन बॅच येईल," सुगंधा म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, त्यातली एक तुमच्याकडेच येणार. मी तिला सगळं लिहून देते."

"आन् ती पुन्हा पयल्यापून इच्यारनार. नाव काय, वय काय, चुकती का."

"विचारेल. तिलाही शिकायचंय."

बाजेवर बसलेल्या आबांनी पेढ्याचं बोट चाटलं आणि म्हणाले, "तिला म्हनावं, जेवायच्या येळंला ये."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. सुगंधा उठली नाही. म्हणून मीही बसून राहिलो.